सोनोग्राफी सेंटरच्या काउंटरवर फॉर्म एफ कसा आला

ब्रिटन-अमेरिकेत गर्भवतीची सोनोग्राफी बहुधा प्रशिक्षित सोनोग्राफर, म्हणजे डॉक्टर नसलेले तंत्रज्ञ करतात. भारतात प्रोब, म्हणजे पोटावर फिरवायचं उपकरण, धरायचा तो नोंदणीकृत, पात्र डॉक्टरनेच. त्यामुळे आपल्याकडे मदतनिसांची बरीचशी मेहनत काउंटरवरच्या नोंदींत, म्हणजे मुख्यतः गर्भवतीच्या सोनोग्राफीसाठी कायद्याने भरायच्या फॉर्म एफमध्ये जाते, आणि त्यामागे पस्तीसेक वर्षांचा इतिहास आहे.

गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्राचा १९९४ चा कायदा १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला, पण अंमलबजावणी ढिलीच राहिली. अखेर २००० मध्ये सेहत आणि मासूम या संस्था आणि कार्यकर्ते डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाच्या आदेशांनंतर १४ फेब्रुवारी २००३ पासून सुधारित पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा) कायदा आला. ही कडकपणाची गरज खरीच होती: महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, २०११ मध्ये ८९४ उरल्या.

सुधारित कायद्याच्या कलम ४(३) नुसार नोंदीतली त्रुटी हाच कायद्याचा भंग धरला जातो. तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी तपासणी करणाऱ्यावर. डॉक्टरांच्या संघटनेने याला आव्हान दिलं, पण सर्वोच्च न्यायालयाने मे २०१९ मध्ये तरतूद कायम ठेवली.

फॉर्म एफचा सध्याचा नमुना २०१४ चा. अ भागात रुग्णाचं नाव, वय, हयात मुलगे-मुली आणि त्यांची वयं, पती किंवा वडिलांचं नाव, पूर्ण पत्ता, फोन, चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरचं नाव-पत्ता, शेवटच्या पाळीची तारीख. हे रिसेप्शनिस्टने तपासणीआधीच भरून घ्यावं. घोळ ठरलेले असतात: पत्त्यात नुसतं गावाचं नाव, चिठ्ठीवर न वाचता येणारी सही, रजिस्टरचा अनुक्रमांक फॉर्मशी न जुळणं. ब भागातलं कारण २३ कारणांच्या यादीतून डॉक्टर निवडतात. ते संध्याकाळवर ढकललं की हमखास रिकामं राहतं, म्हणून पुढचं नाव पुकारण्याआधी मदतनिसाने फॉर्म समोर धरावा. सहीऐवजी अंगठा असेल तर ओळख पटवणाऱ्याचं नाव, पत्ता आणि सहीही लागते.

वेळेची बचत खरं तर फोनवरच होते. एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागच्या द्रवाची जाडी मोजणारी तपासणी) ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस या काळातच होतो. नाव नोंदवताना पाळीची तारीख विचारली नाही, तर दहाव्या आठवड्यात आलेली बाई प्रवासाचा खर्च करून परत जाते. अठरा-वीस आठवड्यांच्या अ‍ॅनोमली स्कॅनला (बाळाच्या अवयवांतले दोष पाहणाऱ्या तपासणीला) अर्धा तास मोकळा ठेवावा. बाळ पाठ करून असेल तर आईला थोडं चालायला सांगून पुन्हा आत घ्यावं लागतं, म्हणून अशी दोन नावं लागोपाठ लावू नयेत.

महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत समुचित प्राधिकाऱ्याकडे (या कायद्यासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे) जातो आणि कागद किमान दोन वर्षं जपावे लागतात. कर्मचारी किंवा मशीन बदलायचं असेल तर ३० दिवस आधी कळवावं लागतं.