वाल्दिव्हिया (चिली) : नद्यांच्या संगमावरचे शहर

वाल्दिव्हिया : दक्षिण चिलीतील नदीकाठचे शहर व लोस रिओस प्रदेशाची राजधानी. सान्तियागोपासून रस्त्याने सुमारे ८५० किमी. दक्षिणेस. २०१७ च्या जनगणनेनुसार परिसरासह लोकसंख्या सुमारे १ लाख ६६ हजार. पूर्वेकडून आलेली काये-काये नदी शहराला वळसा घालते, काऊ-काऊ हा आखूड प्रवाह तिला येऊन भिडतो आणि तिथून पुढे तिला वाल्दिव्हिया नदी म्हणतात. उत्तरेची क्रूसेस नदी तिला थोडे खाली मिळते. या प्रवाहांच्या मधोमध तेखा बेट आहे. पॅसिफिक महासागर सुमारे १५ किमी. अंतरावर, कोर्रालच्या उपसागरात. भरती-ओहोटी शहरापर्यंत जाणवते. पाऊस वर्षभर पडतो, पण त्याचा जोर जून ते ऑगस्ट या तिथल्या हिवाळ्यात असतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हा त्यातल्या त्यात कोरडा काळ.

पहिल्यांदा येणाऱ्याने या शहरात भव्य चौक आणि जुन्या हवेल्या शोधू नयेत. भूकंप आणि आगी यांनी त्यातले फारसे काही शिल्लक ठेवलेले नाही. वाल्दिव्हिया कळते ते होडीतून. तिथले पाणी आज जिथे पसरलेले दिसते, त्यातले बरेचसे १९६० पूर्वी पाणी नव्हतेच.

२२ मे १९६० रोजी दुपारी तीनच्या सुमारास या भागात ९.५ तीव्रतेचा भूकंप झाला. यंत्रांनी नोंदवलेल्या भूकंपांत याहून मोठा दुसरा नाही. त्सुनामीच्या लाटांनी पॅसिफिक ओलांडून हवाई आणि जपानमध्येही बळी घेतले. वाल्दिव्हियात घरे व कारखाने कोसळलेच, शिवाय परिसराची जमीन साधारण दोन मीटर खाली गेली. क्रूसेस नदीकाठची शेते आणि गुरांची कुरणे पाण्याखाली गेली व पुन्हा वर आलीच नाहीत.

दुसरे संकट वरून येत होते. डोंगरातल्या रिन्यिवे सरोवराचे पाणी सान पेद्रो नदीतून काये-कायेत आणि तिथून शहरात येते. भूकंपाने दरडी कोसळून सरोवराचे तोंड बुजले आणि पाणी दिवसागणिक चढू लागले. हा बांध एकदम फुटला तर काय होते, ते इथे आधी एकदा घडून गेले होते. १५७५ च्या डिसेंबरातील भूकंपात याच सरोवराचे तोंड असेच बंद झाले. काही महिन्यांनी बांध फुटला आणि खोऱ्यातील शेकडो मूळ रहिवासी वाहून गेले. १९६० मध्ये राउल साएस या अभियंत्याच्या नेतृत्वाखाली कामगार व सैनिक बुलडोझर घेऊन आणि चिखलात यंत्रे रुतली तिथे फावडी घेऊन बांधाची उंची कमी करत राहिले. दोन महिन्यांनी, जुलैअखेरीस, पाणी सुटले. शहराचा सखल भाग बुडाला, पण सर्वनाश टळला. चिलीच्या अभियांत्रिकीच्या इतिहासात या कामाचे मोल फार मोठे आहे. शहरात आलेल्या पाहुण्याला ते कोणीतरी आवर्जून सांगावे असे वाटते.

बुडालेल्या कुरणांचे पुढे पाणथळ झाले. त्यात लुचेसियो नावाची पाणवनस्पती माजली आणि तिच्यावर जगणारे काळ्या मानेचे हंस हजारोंनी आले. १९८१ साली ही जागा रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. चिलीतील हे पहिले रामसर क्षेत्र. २००४ मध्ये क्रूसेस नदीच्या वरच्या अंगाला कागदाच्या लगद्याचा कारखाना सुरू झाला आणि त्याच वर्षी लुचेसियो नाहीशी होऊ लागली. हंस उपाशी मेले किंवा उडून गेले, काही हजारांचे काही शेकडे उरले. शहरातील सामान्य माणसे त्यांच्यासाठी रस्त्यावर उतरली. २०१३ साली न्यायालयाने कंपनीला जबाबदार धरून पाणथळ पूर्ववत करण्यासाठी उपाय करण्याचा आदेश दिला. वनस्पती आणि हंस आता परतले आहेत. शहराच्या धक्क्यावरून निघणाऱ्या होड्या या भागात नेतात. वेळ एकाच फेरीपुरता असेल तर हीच निवडावी.

शहराचा जुना इतिहास थोडक्यात असा. मापुचे लोकांच्या विलिचे शाखेची वस्ती इथे आधीपासून होती. स्पॅनिश सेनानी पेद्रो दे वाल्दिव्हिया याने १५५२ मध्ये शहर स्थापन केले. १५९९ मध्ये मूळ रहिवाशांच्या उठावात ते उद्ध्वस्त झाले आणि जवळजवळ अर्धशतक ओस पडले. १६४३ साली डच आरमार ठाणे वसवायला आले आणि काही महिन्यांत माघारी गेले. त्या धसक्याने स्पेनने १६४५ पासून नदीच्या मुखाशी कोर्राल, निएब्ला, मान्सेरा बेट आणि आमार्गोस इथे किल्ल्यांची साखळी उभारली. तोफांची तोंडे अर्थातच समुद्राकडे होती. फेब्रुवारी १८२० मध्ये, स्पेनविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात, चिलीच्या आरमाराचा प्रमुख लॉर्ड कॉक्रेन याने थोडी माणसे घेऊन काळोखात किनाऱ्यावर उतरून दक्षिण काठाचे किल्ले जमिनीच्या बाजूने एकामागून एक घेतले. ही जागा पाहिल्यावर त्या रात्रीचे धाडस खरे कळते. निएब्लाचा किल्ला सर्वांत सोपा, शहरातून बसने जाता येते. तिथून कोर्रालला लाँच सुटते आणि मान्सेरा बेटावरही होडीने उतरता येते.

१८५० पासून जर्मन कुटुंबे आली. त्यांच्यातील कार्ल आनवांटर या औषधविक्रेत्याने तेखा बेटावर बिअरचा कारखाना काढला. जर्मन शाळा १८५८ ची. कातडी कमावणे, जहाजबांधणी, बिअर अशा धंद्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वाल्दिव्हिया देशातील महत्त्वाचे औद्योगिक शहर झाले होते. १९०९ च्या आगीत मध्यवस्ती जळाली आणि १९६० ने उरलेसुरले उद्योग संपवले. १९५४ मध्ये स्थापन झालेले आउस्त्राल विद्यापीठ आज शहराचा कणा आहे. त्याचा परिसर व वनस्पती उद्यान तेखा बेटावर आहे. आनवांटर कुटुंबाच्या घरात इतिहास-मानववंशशास्त्राचे संग्रहालय आहे आणि भूकंपात पडलेल्या कारखान्याच्या अवशेषांत समकालीन कलेचे. जर्मन वसाहतीच्या वैभवाची वर्णने इथे भरपूर ऐकायला मिळतात. ज्यांच्या जमिनीवर ती उभी राहिली त्या विलिचे लोकांबद्दल मात्र फार कमी बोलले जाते. संग्रहालयातील मापुचे चांदीचे दागिने म्हणूनच सावकाश पाहावेत.

गावातला दिवस नदीकाठच्या मासळीबाजारापासून सुरू करावा. मासे कापणाऱ्यांच्या पाठीमागे कठड्याला लागून समुद्रसिंह येऊन बसतात, काही तर तीनशे किलोच्या आसपास वजनाचे. आतडी-डोकी त्यांच्याकडे फेकली जातात. त्यांना हात लावायला जाऊ नये, ते चावतात. बाजारात धुरावलेले मासे, शिंपले, कोचायुयो या समुद्री शेवाळाच्या सुकवलेल्या जुड्या आणि मेर्केन ही मापुचे लोकांची धुरी दिलेली मिरचीपूड मिळते. पलीकडे धक्क्याला ओब्रायन ही चिलीच्या नौदलातून निवृत्त झालेली पाणबुडी बांधलेली आहे, तिच्या आत उतरून पाहता येते. स्पॅनिश काळाची खूण म्हणून मध्यवस्तीत अठराव्या शतकातील दोन गोल बुरूज तेवढे उभे आहेत.

खाण्यात क्रुदोस प्रसिद्ध आहे : पावावर पसरलेला कच्च्या गोमांसाचा खिमा, वर लिंबू आणि कांदा. कच्चे मांस न खाणाऱ्यांसाठी फळे घातलेला कूखेन नावाचा जर्मन केक कुठल्याही कॅफेत असतो. मुर्ता हे लहान, लालसर, सुगंधी रानफळ उन्हाळ्याच्या शेवटी येते, त्याचा मुरंबा करतात. क्रूसेसच्या काठी पुनुकापा गावात चिचा हे सफरचंदाचे आंबवलेले पेय बनते आणि २ फेब्रुवारीला कांदेलारिया मातेची जत्रा भरते. त्या दिवशी भाविक होड्यांनी येतात. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात शहरात नोचे वाल्दिव्हियाना साजरी होते, तेव्हा दिव्यांनी सजवलेल्या नावा नदीतून मिरवतात. या आठवड्यात खोली आधीच ठरवून ठेवावी.

सान्तियागोहून विमाने पिचोय विमानतळावर उतरतात. तो शहरापासून सुमारे ३० किमी. आहे. रात्रीच्या बसला दहा-अकरा तास लागतात. छत्रीपेक्षा टोपीचा रेनकोट बरा, कारण नदीवर वारा असतो. तीन दिवस हाताशी असतील तर एक किल्ल्यांसाठी, एक पाणथळ आणि पुनुकापासाठी ठेवावा व तिसऱ्या दिवशी उत्तरेच्या ओन्कोल उद्यानात जावे. तिथे किनारी डोंगरांवरचे वाल्दिव्ही वर्षावन आहे, आणि आकाश स्वच्छ असेल तर उंचावरून समुद्र दिसतो.