आलेखाची वरची रेघ

खानदेशात लहान मुलाच्या वजनाची बातमी आली की ती नंदुरबारच्या अक्कलकुवा-धडगावचीच असणार, हे गृहीत असतं. १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला, त्याच्या कितीतरी आधीपासून सातपुड्यातलं कुपोषण हा इथला मोठा प्रश्न आहे आणि तो अजून मिटलेला नाही. त्यामुळे जळगाव-भुसावळकडच्या शाळकरी मुलांचा लठ्ठपणा हा श्रीमंतांचा लाड वाटतो. पण त्याकडे दुर्लक्ष झालं ते एवढ्यामुळेच नाही. मूल मोजायची आपली सगळी व्यवस्थाच बारीक मूल शोधण्यासाठी उभी राहिली.

२ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि पुढे अंगणवाडीत झोळीचा वजनकाटा आला. श्रेणी ठरायची ती भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या १९७२ च्या वर्गवारीने. वजन अपेक्षेच्या ८० टक्क्यांखाली गेलं की पहिली श्रेणी, ५० च्या खाली चौथी. ८० च्या वरचं मूल 'साधारण', मग ते कितीही वर असो. वरची रेघच नव्हती. गावोगावच्या सुदृढ बालक स्पर्धांत तर गुटगुटीत बाळाचंच कौतुक.

जागतिक आरोग्य संघटनेची नवी मानकं २००६ साली आली आणि अंगणवाडीचा तक्ता बदलला. तरी वयानुसार वजन हाच मुख्य आधार राहिला, आणि खरी गोम तिथेच आहे. आठ वर्षांच्या दोन मुलांचं वजन २८ किलो धरा. एकाची उंची १३० सेंटीमीटर, त्याचा बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) साडेसोळाच्या आसपास, म्हणजे ठीक. दुसरा ११५ सेंटीमीटरचा, त्याचा एकवीसच्या वर, म्हणजे सरळ लठ्ठ. काटा दोघांनाही एकच आकडा दाखवतो. उंची खुजी राहिलेल्या मुलांच्या भागात हे विसरून चालत नाही.

पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. इथली बाळं युरोपातल्या बाळांपेक्षा बरीच हलकी, पण अंगात चरबी त्या मानाने जास्त. म्हणजे कमी वजनाने जन्मलेलं मूल पुढे जाड होण्यापासून सुटलेलं नसतं. नंदुरबारचा प्रश्न आणि जळगावचा प्रश्न वाटतात तेवढे लांब नाहीत. भारतीय मुलांसाठीचे बीएमआयचे सुधारित आलेख बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ साली दिले. त्यात मोठेपणीच्या २३ (जादा वजन) आणि २७ (लठ्ठपणा) या आकड्यांशी जुळणाऱ्या रेघा आहेत, पाश्चात्त्यांच्या २५ आणि ३० पेक्षा खालच्या.

सरकारी तपासणीत हे उशिरा उतरलं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली पालघरला सुरू झाला. त्याच्या मूळ ३० आजारांच्या यादीत तीव्र कुपोषण होतं, लठ्ठपणा नव्हता. महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या जादा वजनाच्या मुलांचं प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत १.९ टक्के होतं, पाचव्या फेरीत (२०१९-२१) ४.१ टक्के. मधल्या काळात, २०१७ साली, राज्याने शाळेच्या उपाहारगृहांतून जंक फूड हद्दपार करायचा आदेश काढला. २०२० च्या केंद्रीय नियमांनी ही बंदी फाटकापासून ५० मीटरपर्यंत नेली. फाटकाबाहेरची वेफर्सची माळ बघितली की अंमलबजावणी कळते. रावेर-यावलची केळी दारात पिकतात आणि पोरांच्या डब्यात जातात ते तळलेले वेफर्स!

दवाखान्यातली अडचण वेगळीच आहे. पाच वर्षांचा डोस झाला की पुढची लस दहाच्या सुमारास. मधल्या काळात मूल येतं ते ताप-खोकल्याला. औषधाच्या मात्रेसाठी वजन होतं, उंची राहून जाते. नेमक्या पाच ते सात या वयात बीएमआय पुन्हा चढायला लागतो, आणि तो लवकर चढला तर पुढे लठ्ठपणाची शक्यता वाढते. अशा जाड मुलाच्या मानेवर काळी, मखमली घडी दिसते. आई ती मळ समजून घासत राहते. इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते.

बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या लठ्ठपणाविषयीच्या २०२३ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनी प्रतिबंध आणि समुपदेशन पुढे आणलं. पोराला एकट्याला पथ्य लावून ते टिकत नाही, सगळ्या घराचं ताट बघावं लागतं. बाजूला आजी बसलेली असते आणि "खात्यापित्या घरचं पोर आहे" म्हणत असते. त्यामुळे डॉक्टरांचा पहिला प्रश्न पोराला नसतो, घराला असतो: माणसं किती, आणि महिन्याला तेलाचे डबे किती लागतात?