सबकमांड की फ्लॅग? बेंचमार्क टूल लिहिताना होणारा घोळ

बेंचमार्किंगचं, म्हणजे प्रोग्रॅम किती वेगाने चालतो ते मोजणारं, टूल लिहायला घेतलं की सुरुवातीला सगळं सोपं असतं, एक कमांड, तिच्यामागे डॅश लावून लिहायचे दोन-तीन फ्लॅग, झालं. मग कोणीतरी म्हणतं जुन्या रनशी तुलना पण करून दे, दुसरा म्हणतो टेस्टचा डेटा पण तूच तयार कर, आणि आपण प्रत्येक मागणीला एकेक फ्लॅग चिकटवत जातो. सबकमांड म्हणजे टूलच्या नावानंतर येणारा कामाचा शब्द, जसं गिट कमिटमधलं कमिट. टर्मिनलवर सबकमांड काय आणि फ्लॅग काय, टाइप केलेले शब्दच ना, म्हणून सबकमांडचं काम फ्लॅगकडून करून घेतलं तरी काही बिघडत नाही असं वाटतं. पण बिघडतं.

मी डोक्यात एवढंच ठेवते की काय करायचं ते सबकमांड सांगते आणि कसं करायचं ते फ्लॅग. कमांडला किती वेळ लागतो ते मोजणाऱ्या हायपरफाइनमधला वॉर्मअप हा खरा फ्लॅग, कारण तो द्या किंवा देऊ नका, टूल वेळच मोजणार आहे, फक्त आधी काही रन हिशोबात न धरता करून घेणार म्हणजे डिस्कची कॅश वगैरे भरलेली असेल.

आता पोस्टग्रेस या डेटाबेससोबत येणारं पीजीबेंच हे बेंचमार्क टूल बघा. त्यात मायनस आय दिला की मोजणी होतच नाही, टेस्टसाठी चार टेबलं नव्याने तयार होतात आणि त्याच नावांची टेबलं आधीपासून असतील तर ती उडतात! एवढं मोठं काम, आणि दिसायला एका अक्षराचा फ्लॅग. शिवाय टेबलांची पानं किती भरायची ते सांगणारा फिलफॅक्टर फक्त मायनस आयसोबत चालतो, क्लायंट किती ते सांगणारा मायनस सी फक्त मोजणीत चालतो, उलट जोडी लावली तर एरर. त्याच्या हेल्पमध्येसुद्धा दोघांचे ऑप्शन वेगवेगळ्या गटात छापलेत, म्हणजे आत दोन कमांड आहेत हे हेल्पच सांगतंय. मला पीजीबेंच आवडतं, रोज वापरते, पण ही रचना नव्या टूलमध्ये उचलू नये असं मनापासून वाटतं. सिसबेंच या दुसऱ्या बेंचमार्क टूलमध्ये हेच प्रिपेअर, रन, क्लीनअप असे वेगळे शब्द आहेत, वाचणाऱ्याला लगेच कळतं काय होणारे.

तर एखादा फ्लॅग दिल्यावर बाकीचे निम्मे फ्लॅग निरर्थक होत असतील, तर ती सबकमांडच आहे असं समजा.

टूल पुढे वाढवायचं असेल तर हा फरक फारच जाणवतो. चालू-बंद असे आठच फ्लॅग असले तरी त्यांची चालू-बंद मिळून 256 कॉम्बिनेशन होतात, आणि नववा टाकला की ती दुप्पट, कुठलं कॉम्बिनेशन कुठे भांडेल ते सगळं एकाच पार्सरला, म्हणजे टाइप केलेली ओळ वाचून अर्थ लावणाऱ्या कोडला, माहीत असावं लागतं. सबकमांडचं तसं नसतं, तिचे फ्लॅग तिच्यापुरते. गिटला अनोळखी सबकमांड दिली की ते पाथमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम शोधायच्या फोल्डरांच्या यादीत, गिट, डॅश आणि ते नाव असा प्रोग्रॅम शोधतं, रस्ट भाषेचं कार्गोही आपल्या नावाने तेच करतं, म्हणजे बाहेरचा माणूस मूळ कोडला हात न लावता तुमच्या टूलला ग्राफ काढणारी कमांड जोडू शकतो. मात्र आउटपुट जेसनमध्ये हवं की सीएसव्हीमध्ये, हा प्रश्न फ्लॅगचाच, आणि तिथे दोन फ्लॅग न करता फॉरमॅट नावाचा एकच, व्हॅल्यू घेणारा ठेवा.

एक चूक मात्र दोन्हीकडे होते, टायपिंग वाचवायला दिलेली सूट. सबकमांड न लिहिता नुसतं टेस्टचं नाव दिलं तरी रन समजायचं असं ठेवलंत, तर उद्या कंपेअर नावाची सबकमांड आणताना कोणाची तरी कंपेअर नावाचीच टेस्ट आडवी येते. फ्लॅगचं पण तसंच, पायथनची फ्लॅग वाचणारी लायब्ररी आर्गपार्स आपणहून अर्धवट नावं स्वीकारते, डॅश-डॅश-वॉर्म लिहिलं तरी वॉर्मअप चालतं, आणि तुम्ही वॉर्म-कॅश असा नवा फ्लॅग आणलात की त्याच स्क्रिप्ट नाव संदिग्ध आहे म्हणून मरतात. पायथन 3.5 पासून अलाउ-अब्रेव्ह नावाचं सेटिंग आहे, ते पहिल्याच रिलीजला फॉल्स करा, कारण नंतर बंद करायला गेलात तरी लोकांच्या स्क्रिप्ट मोडणारच.