पार्श्वभूमी : हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, आणि ‘एम.२’चा गुंता

जुना लॅपटॉप रडतखडत चालू लागला की बहुतेक जण प्रोसेसरला बोल लावतात. दोष बहुधा त्याचा नसतो. ५४०० आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ५४०० फेऱ्यांच्या, हार्ड डिस्कमधली तबकडी एका फेरीला सुमारे ११ मिलिसेकंद घेते. हवा तो भाग वाचणाऱ्या हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी जाते, आणि त्याआधी हेडला योग्य जागी सरकायला दहा-बारा मिलिसेकंद लागलेले असतात. त्यामुळे इकडेतिकडे विखुरलेल्या लहान फाइली वाचायच्या झाल्या, तर सेकंदाला साठ-सत्तर वाचनांपलीकडे तिची मजल जात नाही. विंडोज सुरू होताना अशी वाचनं हजारोंनी होतात. एसएसडी डेटा फ्लॅश नावाच्या चिपांवर ठेवते, तिच्यात फिरणारं काही नाही. तिला एका वाचनाला मिलिसेकंदाचा दहावा हिस्सा पुरतो.

एक काढून दुसरी बसवणं इतकं सोपं झालं, ते अडीच इंची मापामुळे. या मापाची पहिली हार्ड डिस्क १९८८ची, क्षमता २० एमबी. पुढे जाडी उतरत ९.५ मिलिमीटरवर आणि मग ७ मिलिमीटरवर आली, ४४ पिनांच्या जोडणीची जागा साटा या नव्या जोडणीने घेतली, पण डिस्कची लांबी-रुंदी जवळपास तीच राहिली. एसएसडी बनवणाऱ्यांनी याच मापाची डबी उचलली. आत बघाल तर अर्धी डबी रिकामी असते. ७ मिलिमीटरची डबी जुन्या जाड खणात हलू नये म्हणून सोबत प्लास्टिकची चौकटही मिळायची.

लॅपटॉपसाठी फ्लॅशची डिस्क १९९१ मध्येच बनली होती, तीही २० एमबीची. पण सामान्य ग्राहकाच्या दृष्टीने गोष्ट सुरू होते २००६ ते २००९ या काळात. ३२ जीबीची एसएसडी घातलेले लॅपटॉप २००६ मध्ये विक्रीला आले. २००८च्या स्वस्त एसएसडींनी मात्र लोकांना हैराण केलं. त्यांच्यातल्या कंट्रोलरला, म्हणजे फ्लॅशचा कारभार बघणाऱ्या चिपला, बारीकसारीक लेखन झेपत नसे, आणि ऐन टायपिंगच्या मध्ये पडदा सेकंदभर गोठायचा. ‘एसएसडी नको रे बाबा’ हा ग्रह तेव्हाचा, आणि तो पुढे बरीच वर्षं टिकला.

२००९ मध्ये विंडोज ७ सोबत ट्रिम आलं, आणि माझ्या मते खरा बदल तिथे झाला. फ्लॅशमध्ये लिहिलेल्यावर थेट पुन्हा लिहिता येत नाही, आधी मोठा ठोकळा पुसावा लागतो. फाइल डिलीट केली तरी ड्राइव्हला ते कळत नसे, आणि ती मेलेला डेटा इकडून तिकडे वाहत बसे. ‘ही जागा आता मोकळी आहे’ हा निरोप म्हणजे ट्रिम. याच काळातली दुसरी गोष्ट आता विसरली गेली आहे. विंडोज एक्सपी डिस्कवरचं पहिलं पार्टिशन (विभाग) ६३व्या सेक्टरपासून, म्हणजे ५१२ बाइटच्या ६३व्या तुकड्यापासून, सुरू करायचं. तो आकडा ४ केबीच्या पटीत बसत नाही, त्यामुळे एकेक लेखन फ्लॅशच्या दोन-दोन पानांवर सांडायचं. एक्सपीची डिस्क जशीच्या तशी क्लोन केली की हा दोषही नव्या एसएसडीवर यायचा. ‘क्लोन नको, नवीन विंडोज टाका’ या सल्ल्यामागचं एक कारण हे होतं. विस्टापासून सुरुवात १ एमबीवर गेली आणि हे कारण मिटलं, तरी सल्ला चालूच राहिला.

इथवर आकार आणि जोडणी यांची गाठ पक्की होती : अडीच इंची साटा म्हटलं की काम झालं. ती गाठ सुटली २०१३ मध्ये बाजारात आलेल्या एम.२ या पट्टीसारख्या मापामुळे, आणि ग्राहकाची सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

एम.२ हे नाव आकाराचं आणि कनेक्टरचं आहे. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब. २२४२ म्हणजे तेवढीच रुंद, पण ४२ मिलिमीटर लांब. त्या पट्टीतून साटा वाहतं की पीसीआयई (मदरबोर्डवरची त्याहून वेगवान जोडणी), याबद्दल हे नाव काहीच सांगत नाही. एनव्हीएमई ही तिसरीच गोष्ट : पीसीआयईवरून एसएसडीशी बोलायची भाषा, पहिली आवृत्ती २०११ची. साटासाठीच्या जुन्या एएचसीआय पद्धतीत आज्ञांची एकच रांग, तीही ३२ आज्ञांची. एनव्हीएमईत अशा हजारो रांगांची सोय आहे. म्हणजे तीन वेगळे शब्द, पण बोलताना ‘एम.२ म्हणजे ती वेगवान एसएसडी’ असा त्यांचा काला होतो.

एकाच खाचेत सगळं बसवण्याच्या निर्णयाची बाजू घेणारे सांगतात की त्यामुळे लॅपटॉप पातळ झाले आणि उत्पादकाला मोकळीक मिळाली. ते खरं आहे. पण त्या मोकळिकीचा भुर्दंड ग्राहकावर पडला. ओळख पटावी म्हणून पट्टीच्या कडेला काप ठेवले होते : बी आणि एम. साटाच्या पट्ट्यांना बहुतेक दोन्ही काप, एनव्हीएमईच्या पट्ट्यांना बहुतेक फक्त एम. मात्र काही एनव्हीएमई पट्ट्यांनाही दोन्ही काप असतात, आणि काही लॅपटॉपांत एम प्रकारच्या स्लॉटला फक्त साटाच जोडलेलं असतं.

असा एक लॅपटॉप मी स्वतः उघडला आहे. नवी पट्टी तिरकी धरून आत सरकवली, अलगद दाबली, टोकाचा बारकासा स्क्रू आवळला. सगळं मापात. सुरू केल्यावर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजआधीच्या मूळ सेटिंगमध्ये, ड्राइव्हचं नावच नाही. मालकाला वाटलं, पट्टी मुळातच बिघडलेली आली. पट्टी ठणठणीत होती. स्लॉट साटाचा होता आणि पट्टी एनव्हीएमईची. लॅपटॉपच्या मॅन्युअलमध्ये हे एका ओळीत दिलं होतं.

साटा एसएसडी सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास थांबते, पीसीआयई ३.० च्या चार लेनवरची एनव्हीएमई ३५०० एमबीपर्यंत जाते. आकडे बघून हात एनव्हीएमईकडे वळतो. पण फिरत्या तबकडीवरून साधी साटा एसएसडी घेतल्यावर रोजच्या कामात जो फरक पडतो, त्यापुढे साटावरून एनव्हीएमईवर गेल्याचा फरक थोडाच. अडीच इंची खण असलेल्या जुन्या लॅपटॉपला साटा पुरते, हे मी ठामपणे सांगेन.

२०१५च्या सुमारास काही पातळ लॅपटॉपांत फ्लॅशच्या चिप थेट मदरबोर्डवर डकवायला सुरुवात झाली. त्यांत काढायला ना पट्टी, ना खण. खरेदीच्या दिवशी घेतलेली क्षमता शेवटपर्यंत तेवढीच राहते, आणि बोर्ड गेला तर डेटा बाहेर काढणं अवघड होऊन बसतं.