लांबच्या प्रवासापूर्वी जुन्या गाडीच्या शीतन यंत्रणेची तपासणी

लांब पल्ल्याच्या प्रवासाला निघण्याआधी जुन्या मोटारगाडीचे इंजिन थंड राखणाऱ्या भागांची, म्हणजे रेडिएटर (गरम कूलंट हवेने थंड करणारी जाळी), त्याचे झाकण, होज पाइप (रबरी नळ्या), पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट (तापमानानुसार उघडणारी झडप), पंखा आणि कूलंट (इंजिनातून फिरून उष्णता वाहून नेणारे द्रव) यांची पाहणी व चाचणी. रोज विनातक्रार चालणारी गाडी नेमकी लांबच्या रस्त्यावरच का तापते, या प्रश्नातून ही तपासणी आली आहे. पेट्रोल इंजिनात इंधनाच्या ऊर्जेचा साधारण पाव ते एक तृतीयांश भागच कामी येतो. उरलेली बहुतेक उष्णता सायलेन्सरवाटे आणि कूलंटमधून बाहेर पडते. दहा मिनिटांच्या रोजच्या फेरीत इंजिन पुरते तापायच्या आतच बंद होते, त्यामुळे निम्मा बुजलेला रेडिएटरही निभावून नेतो. भरलेली गाडी तासन्‌तास वेगात किंवा चढावर चालवली की यंत्रणेची पूर्ण क्षमता लागते, आणि ती उरलेली नाही हे तेव्हा कळते. म्हणून ‘आजवर कधी तापली नाही’ हा जुन्या गाडीच्या बाबतीत पुरावा होत नाही.

पाण्याची चिंता मोटारीइतकीच जुनी आहे. कार्ल बेंझ यांच्या 1886 मध्ये पेटंट झालेल्या तीनचाकी गाडीत पाणी उकळून वाफ होऊनच इंजिन थंड होत असे. 1888 मध्ये बेर्था बेंझ तशाच गाडीतून मानहाइमहून फोर्त्सहाइमला गेल्या. सुमारे 100 किमी.च्या त्या वाटेवर त्यांना पुन्हा पुन्हा पाणी भरावे लागले. विल्हेल्म मायबाख यांनी 1900 च्या सुमारास मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या जाळीचा रेडिएटर तयार केला आणि तेच पाणी फिरवून वापरणे खऱ्या अर्थाने जमले.

आताची यंत्रणा बंदिस्त असते आणि दाबाखाली चालते. समुद्रसपाटीला पाणी 100° से.ला उकळते, पण झाकणाने सुमारे 1 बार, म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका, जादा दाब धरला की तेच पाणी 120° से.च्या आसपास उकळते. निम्मे ग्लायकॉल (कूलंटमधले मुख्य रसायन) असलेले मिश्रण त्याहूनही थोडे पुढे जाते. झाकणाची स्प्रिंग मऊ पडली किंवा रबर चिरले की हा वीसेक अंशांचा आधार जातो, आणि बाकी सगळे ठीक असूनही गाडी उकळते. झाकणात दुसरी एक उलटी झडपही असते. इंजिन थंड होताना ती बाहेरच्या बाटलीतले कूलंट आत ओढून घेते. ती चिकटली, तर थंड झालेल्या गाडीचा वरचा होज पाइप आत चेपलेला दिसतो. सगळ्या यंत्रणेत सर्वांत स्वस्त असलेला हा भाग सर्वांत कमी वेळा बदलला जातो. त्याचे वय ठाऊक नसेल, तर त्याच दाबाचे नवे झाकण बसवणे शहाणपणाचे.

तपासणीचा पहिला भाग इंजिन पूर्ण थंड असताना, शक्यतो सकाळी करतात. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. दाब सुटताच आतले कूलंट उसळते आणि चेहरा-हात भाजतात. झाकण काढल्यावर पातळीइतकाच रंगही पाहावा. गढूळ तांबूस कूलंट म्हणजे आत गंज, तर वर तेलाचा तवंग किंवा साय दिसली तर गॅस्केट (इंजिनाच्या भागांमधला सांधा बंद राखणारी पट्टी) अथवा ऑइल कूलर फुटल्याची शंका. नुसत्या रंगावरून कूलंटचा प्रकार ठरवू नये, कारण रंगाला सर्वमान्य प्रमाण नाही. वेगळ्या रसायनांची दोन कूलंटे मिसळली तर गंजरोधके निकामी होऊ शकतात, कधी चिकट गाळही बनतो. जुन्या पद्धतीचे सिलिकेटयुक्त कूलंट साधारण 2 वर्षांत, तर सेंद्रिय आम्लांवर आधारलेले सुमारे 5 वर्षांत बदलतात. पाणी मिसळायचे ते ऊर्ध्वपातित घ्यावे. जड पाण्यातले क्षार गरम भिंतींवर पापुद्रा धरतात आणि उष्णता अडवतात. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असते, म्हणून काढलेले कूलंट उघड्या भांड्यात ठेवू नये. मुले आणि जनावरे यांना त्यापासून धोका असतो.

होज पाइप बाहेरून तुकतुकीत असला तरी आतून चिरलेला असू शकतो आणि ही चीर बहुधा टोकांशी पडते. म्हणून क्लिपच्या जवळ दोन बोटांनी दाबून पाहतात. मधल्या भागापेक्षा टोक पिचपिचीत लागले, दाबताना कुरकुरले किंवा फुगलेले दिसले तर पाइप बदलावा. हीटरकडे जाणारे बारीक पाइप मात्र हमखास विसरले जातात. पाण्याच्या पंपाला खाली एक बारीक छिद्र असते. आतले सील गळू लागले की तिथून ओघळ येतो आणि वाळून पांढरा वा रंगीत डाग उरतो. हा डाग पंपाने आधीच दिलेली सूचना असते. पुली धरून हलवली आणि ती लटपटली, तर बेअरिंग गेले. पंप फिरवणाऱ्या पट्ट्याला भेगा किंवा काचेसारखी चकाकी नसावी. रेडिएटरच्या जाळीत अडकलेले किडे आणि धूळ इंजिनाच्या बाजूने पुढे, कमी दाबाच्या पाण्याने धुतात. जोराच्या धारेने पातळ पत्रे वाकतात आणि हवेची वाट बंद होते.

थर्मोस्टॅटबद्दल एक चुकीची समजूत घट्ट रुजलेली आहे. गाडी तापते म्हणून तो काढूनच टाकायचा, असा सल्ला अनेक जण देतात. थर्मोस्टॅटमधले मेण बहुतेक गाड्यांत 80 ते 95° से.च्या दरम्यान वितळून प्रसरण पावते आणि रेडिएटरची वाट उघडते. तो नसला की इंजिन थंडच चालते, इंधन जास्त जाते आणि झीज वाढते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट उघडताना बगलेची वाट बंद करतो. तो काढल्यावर ती वाट सताड उघडी राहते आणि गरम पाण्याचा काही भाग रेडिएटर टाळून परत इंजिनात जातो. मूळ दोष झाकणारा हा उपाय लांबच्या प्रवासात हमखास उघडा पडतो. शंका असेल तर थर्मोस्टॅट काढून पाण्यात तापमापकासह तापवावा. छापलेल्या तापमानाच्या जवळपास तो उघडला पाहिजे.

मग गरम चाचणी. इंजिन सुरू करून उभ्या गाडीत तापू द्यावे. वरचा पाइप आधी कोमट राहून थर्मोस्टॅट उघडताच एकदम गरम होतो. विजेचा पंखा ठरलेल्या तापमानाला आपोआप सुरू व्हावा. तो काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही फिरू लागतो, तेव्हा हात दूर ठेवावेत. गाडी केव्हा तापते यावरून दोष बराचसा कळतो. उभी असताना किंवा रांगेत तापत असेल, पण वेग घेताच तापमानाचा काटा उतरत असेल, तर दोष पंख्यात. वेगात किंवा चढावर तापत असेल, तर रेडिएटर आतून बुजलेला किंवा पंपाकडे जाणारा खालचा पाइप आत ओढला जाणारा. गळतीच्या डागाविना कूलंटची पातळी उतरत असेल, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील किंवा गरम इंजिन गोडसर वासाचा पांढरा धूर टाकत असेल, तर हेड (इंजिनाचा वरचा भाग) आणि खालचा भाग यांमधल्या हेड गॅस्केटची चाचणी करून घ्यावी. त्यासाठीचे निळे द्रव ज्वलनवायू मिळताच पिवळे पडते. अशा गाडीने लांब जाऊ नये.

हे सगळे निघण्याच्या आदल्या रात्री करणे चूक. एक-दोन आठवडे हाती असावेत, कारण नव्या जोडाची गळती आणि आत अडकलेली हवा काही फेऱ्यांनंतरच दिसते. कूलंट भरताना हीटर गरमवर ठेवून हवा बाहेर काढतात, आणि पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर थंड इंजिनात पातळी पुन्हा पाहतात.

वाटेत काटा चढू लागला, तर एसी बंद करून हीटर पूर्ण चालू करावा. तो छोट्या रेडिएटरचे काम करतो. तरीही चढला तर सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करावे आणि तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नये. हेड तडकू शकते. चढलेला काटा अचानक खाली कोसळला तर हायसे वाटते, पण तेच सर्वांत धोक्याचे. कूलंट संपून संवेदक कोरडा पडला की तो थंड तापमान दाखवू लागतो आणि इंजिन मात्र जळत असते.