भिंतीवरचं मॉस आणि त्याचा वाळवंटी भाऊबंद

येऊरच्या पायथ्याशी आमच्या सोसायटीची कुंपणभिंत आहे. पावसाळ्यात तिच्यावर हिरवी मखमल असते, मे महिन्यात नुसता काळपट, जळका पापुद्रा. "मेलंय ते, घासून टाका," असं रंगकामाआधी कोणीतरी म्हणतंच. मी त्यावर ड्रॉपरने चार थेंब टाकतो आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग डोळ्याला लावतो. गुंडाळलेली पानं उलगडू लागतात आणि बघता बघता तो ठिपका हिरवा होतो.

आपण सरसकट सगळ्याला शेवाळ म्हणतो. टाकीतलं बुळबुळीत ते शैवाल. भिंतीवरच्या याला खोड आहे, पानं आहेत, खरी मुळं तेवढी नाहीत. हे मॉस, आणि भिंतीवर हमखास सापडणारं म्हणजे हायोफिला इन्व्होल्युटा. सुकलं की पानांच्या कडा आत वळतात. पानांच्या बेचक्यात चांदणीसारखे बारीक कळे असतात, ते गळून नवी रोपं होतात. बहुतेक मॉसच्या बीजाणू-कुपीच्या तोंडाशी दातांची झालर असते, हायोफिलाच्या नसते.

याच कुळातलं, पॉटिएसीतलं, सिंट्रिकिया कॅनिनर्व्हिस अमेरिकेच्या मोहावे आणि चीनच्या गुर्बानतुंगुत वाळवंटात राहतं. प्रत्येक पानाच्या टोकाला पांढरा केस, त्यामुळे सुकलेल्या काळ्या गादीवर करडी लव दिसते. हा केस शोभेचा नाही. त्याच्यावरच्या सूक्ष्म खोबणींत धुकं-दव साचतं आणि थेंब घरंगळत पानावर येतो. मुळं नाहीत, म्हणून पाणी वरूनच प्यायचं!

पण ओळख पटवताना नुसत्या केसावर भिस्त ठेवली तर फसगत ठरलेली. सिंट्रिकिया रुरॅलिसलाही तो असतो. मग मिलिमीटरभरही रुंद नसलेल्या पानाचा नव्या ब्लेडने आडवा छेद घ्यायचा. (पहिले दहा वाया जातात.) वरच्या भागात पेशींचे दोन थर दिसले तर कॅनिनर्व्हिस, एकच असेल तर रुरॅलिस.

चिनी शास्त्रज्ञांनी 2024 साली कॅनिनर्व्हिस उणे 80 अंशांवर पाच वर्षं ठेवून पुन्हा वाढवल्याचं प्रसिद्ध केलं. मंगळासारख्या वातावरणाच्या पेटीतही ते सात दिवस तगलं. बातम्यांनी लगेच मंगळावर बाग फुलवली. मला त्याहून मोहावेतली गोष्ट आवडते: तिथे ते पांढऱ्या गारगोटीच्या खाली वाढताना सापडलं. दगडातून उजेड झिरपतो, खाली ओल टिकते.

एक कबुली द्यायला हवी. उलगडणं हा जिवंतपणाचा पुरावा नव्हे. मेलेलं पानही पाणी शोषून फुगतं. त्या चिनी प्रयोगातही नवे फुटवे आले का, हेच बघितलं होतं. म्हणून भिंतीवरचा एक तुकडा ओल्या टिश्यूवर डबीत ठेवलाय, झाकणाला सुईने भोकं पाडून. आज नववा दिवस. एका काळ्या शेंड्याच्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढं पोपटी काहीतरी आलंय.