अंदमान सहल : चौथ्या दिवशीची सकाळ रिकामी का?

आमचा कार्यक्रम हातात पडला की फोनवर हमखास विचारलं जातं, "चौथ्या दिवशी सकाळी काहीच नाही का हो?" आहे. फक्त ते लहान आहे: फुलपाखरं, पाली, खेकडे.

चिडिया टापूला बहुतेक गाड्या सूर्यास्त बघायला जातात. पोर्ट ब्लेअरपासून (आताचं श्री विजयपुरम) हे अंतर पंचवीसेक किलोमीटर. आम्ही तिथं सकाळी नेतो. घड्याळ आपलंच असलं, तरी हे बेट फार पूर्वेला आहे. डिसेंबरातही सहाच्या आत उजाडतं आणि संध्याकाळी पाचच्या सुमाराला सूर्य बुडतो. त्यामुळे "नाश्ता करून निवांत निघू" हे इथं चालत नाही.

ऊन पडलं की ओल्या मातीवर फुलपाखरं क्षार शोषायला बसतात. तुमची सावली पडली तर उडतील. चार पावलं अलीकडेच उकिडवे बसलात तर परत येतील. अंदमान मॉरमॉन दिसला तर नशीब. तो फक्त याच बेटांवर सापडतो. नर मखमली काळा, मागच्या पंखावर निळसर पट्टा. ओळखीचा वाटेल, कारण २०१५ साली महाराष्ट्रानं राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेला ब्लू मॉरमॉन, म्हणजे आपला नीलवंत, त्याचाच भाऊबंद. दिसेलच अशी हमी आम्ही देत नाही. जो देतो त्याच्याबरोबर जाऊ नका.

माड-पोफळीच्या खोडांवर, कधी तर हॉटेलच्या भिंतीवरही, अंदमानची हिरवी पाल असते. पाल म्हटलं की काहीजण नाक मुरडतात; पण ही पोपटी, पाठीवर तांबडे ठिपके, दिवसाढवळ्या फिरणारी आणि फुलांतला मध चाटणारी. चाहूल लागली की खोडाच्या पलीकडे सरकते. एकानं या बाजूला थांबावं, दुसऱ्यानं लांबून वळसा घालावा.

ओहोटीला खारफुटीच्या चिखलात निवट्या (चिखलातले छोटे मासे) उड्या मारतात. कोकणातल्या मंडळींनी त्या ताटात पाहिल्या असतील, इथं फक्त बघायच्या. रस्त्यावरूनच बघा, खाडीत उतरू नका. खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत.

सोबत पूर्ण बाह्यांचा फिकट सदरा, बंद बूट आणि वाळूतल्या बारीक माश्यांसाठी मलम घ्या. मोठा कॅमेरा हवाच असं नाही. लहान मुलं असतील तर एक भिंग जरूर आणा.

आणि शंख-शिंपले, प्रवाळ उचलू नका, रिकामे दिसले तरी. किनाऱ्यावर शंख पाठीवर घेऊन फिरणारे खेकडे असतात. अंग वाढलं की त्यांना मोठा शंख लागतो. तो मिळाला नाही तर बाटलीचं झाकणसुद्धा घर होतं. शिवाय परतताना विमानतळावर सामान तपासतात आणि तिथं आम्ही मध्ये पडू शकत नाही.